यांकीजचं घरचं चॅनल, आणि ते न बघणाऱ्यांचे पैसे

मुंबई इंडियन्सचा सामना कुठल्या चॅनलवर दिसणार हे मुंबई इंडियन्स ठरवत नाही. आयपीएलच्या दहाही संघांचे सामने बीसीसीआय एकगठ्ठा विकतं. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे त्याला सुमारे ४८,३९० कोटी रुपये मिळाले, आणि त्यातला वाटा संघांच्या पदरात पडतो. आता मुंबई इंडियन्सचे मालक आणि सामने दाखवणारे एकाच उद्योगसमूहातले आहेत हे खरं, पण त्यांनीही हक्क घेतले ते लिलावात बोली लावूनच. संघ आपला आहे म्हणून सामने आपले, असं आपल्याकडे चालत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये नेमकं तेच चालतं. देशभर दाखवायचे थोडे सामने लीग विकते. उरलेले, म्हणजे बहुतेक सगळे, ज्या त्या संघाचे. ते आपापल्या भागात कोणाला विकायचे हे संघ ठरवतो. न्यूयॉर्क यांकीजनं तर २००२ साली विकण्याची भानगडच ठेवली नाही, स्वतःचं चॅनल काढलं. त्याचं पूर्ण नाव यांकीज एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स नेटवर्क. सगळे म्हणतात येस. अशा चॅनलांना तिथे रीजनल स्पोर्ट्स नेटवर्क म्हणतात, धंद्यातली माणसं नुसतं आरएसएन म्हणतात. गेली काही वर्षं ही चॅनलं धडाधड आजारी पडत आहेत. हा धंदा उभा कसा राहिला आणि आडवा का होतोय, हे समजून घ्यायला येससारखं दुसरं उदाहरण नाही.

आधी मुळातला प्रश्न. बेसबॉलमध्येच असं का? मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. एकूण सामने होतात २,४३०. कुठलं राष्ट्रीय चॅनल हे दाखवणार? शिवाय मंगळवारी संध्याकाळी क्लीव्हलँड आणि कॅन्सस सिटी खेळत असतील तर फ्लोरिडातल्या माणसाला त्याचं काय? अमेरिकन फुटबॉलचं गणित वेगळं आहे. तिथे संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, प्रत्येक सामना हा प्रसंग असतो. म्हणून १९६१च्या कायद्यानं लीगना सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली तेव्हा एनएफएल या फुटबॉलच्या लीगनं ती दोन्ही हातांनी घेतली. बेसबॉलचा जीव मात्र गावात राहिला. आपल्या शहराचा संघ, रोजचा सामना, ओळखीचा आवाज.

सुरुवातीला हा रोजचा सामना फुकटच दिसायचा. यांकीजचे सामने १९५१पासून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स या स्थानिक चॅनलवर लागत. छपरावर अँटेना असला की झालं, खर्च जाहिरातदारांचा. मग केबल आली. मॅनहॅटनच्या उंच इमारतींमध्ये अँटेनाला सिग्नल धड मिळत नसे, म्हणून तिथे केबल लवकर रुजली आणि १९६९ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डन या तिथल्या बंदिस्त क्रीडागृहातले सामने त्या केबलवरून दाखवायला सुरुवात झाली. त्यातूनच एमएसजी नेटवर्क झालं. या जातीचं पहिलं चॅनल म्हणून त्याचंच नाव घेतात. १९८४ साली बॉस्टनकडे नेसन आलं, १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये प्राइम टिकेट. ही सगळी पिलावळ पुढे देशभर पसरली.

यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी हा संघ सुमारे एक कोटी डॉलरांत घेतला होता. १९८८ साली एमएसजीनं याच संघाच्या सामन्यांसाठी १२ वर्षांचे जवळपास ५० कोटी डॉलर कबूल केले. संघापेक्षा संघाचं चित्र कितीतरी महाग निघालं होतं. हा करार सरत आला तोवर स्टाइनब्रेनरांच्या लक्षात आलं असणार की एमएसजी एवढे पैसे देतं म्हणजे याहून जास्त कमावतं.

एमएसजीचा ताबा तोवर केबलव्हिजनकडे आला होता. केबलव्हिजन म्हणजे न्यूयॉर्कच्या परिसरातली बडी केबल कंपनी, मालक डोलन कुटुंब. १९९८ साली त्यांनी खुद्द यांकीज विकत घ्यायची बोलणी केली, पण संघ चालवणार कोण यावर घोडं अडलं. पुढच्याच वर्षी यांकीज आणि न्यू जर्सी नेट्स हा बास्केटबॉल संघ एका छत्राखाली आले. ही जोडी भावनेनं जमलेली नव्हती. बेसबॉल एप्रिल ते ऑक्टोबर, बास्केटबॉल ऑक्टोबर ते एप्रिल. चॅनलला बारा महिने ताजा माल हवा असतो, तो या दोघांत पुरा होत होता. एमएसजीबरोबर कोर्टकचेऱ्या झाल्या, गोल्डमन सॅक्ससारखे गुंतवणूकदार आले, केबलच्या धंद्यात मुरलेले लिओ हिंडरी कारभार बघायला आले, आणि १९ मार्च २००२ला येस सुरू झालं.

सुरू झालं, पण केबलव्हिजनच्या सुमारे ३० लाख घरांत दिसलंच नाही. यांकीजचं स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, आणि ब्राँक्समध्ये केबल केबलव्हिजनची. म्हणजे स्टेडियमच्या दिव्यांचा उजेड घरात येतो पण सामना टीव्हीवर येत नाही, अशी अवस्था २००२चा आख्खा हंगाम राहिली. वरवर पाहता भांडण महिन्याला दर ग्राहकामागे दोनएक डॉलरांचं होतं. खरं भांडण त्या पुढच्या शब्दांचं होतं: कोणत्या ग्राहकामागे? केबलव्हिजन म्हणे, ज्याला हवं त्यानं वेगळे पैसे भरून येस घ्यावं. येस म्हणे, नाही, आम्हाला साध्या पॅकेजमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक घराचे पैसे आम्हाला मिळतील, घरात कोणी बेसबॉल बघो न बघो.

आरएसएनचा सगळा धंदा या एका मागणीवर उभा आहे. महिन्याचं केबलचं बिल ग्राहक भरतो. त्यातून केबल कंपनी प्रत्येक चॅनलला दर घरामागे ठरलेली रक्कम देते. चॅनल त्यातला मोठा हिस्सा संघाला हक्कांपोटी देतं, त्यातून खेळाडूंचे पगार होतात. जाहिरातींचे पैसे येतात, पण मुख्य आधार ही घरामागची रक्कम. सोसायटीत तळमजल्यावरचा माणूसही लिफ्टच्या देखभालीचे पैसे भरतो, तसला हा हिशेब. न्यू जर्सीतल्या कित्येक मराठी घरांनी क्रिकेटसाठी विलो हे चॅनल हौसेनं घेतलं आणि बेसबॉलकडे ढुंकून पाहिलं नाही. तरी केबलच्या पॅकेजमध्ये येस असलं की दर महिन्याला ते यांकीजच्या पगारपत्रकात आपला वाटा घालत होतेच. बिलावर तो आकडा वेगळा दिसत नसे, त्यामुळे कोणाला टोचतही नसे.

आपल्याकडे २०१९ साली ट्रायनं नवी दररचना आणली, चॅनलागणिक किंमत छापायला लावली आणि हवी तीच चॅनलं निवडा म्हणून सांगितलं, तेव्हाचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. केबलव्हिजन २००२ साली एका चॅनलपुरतं साधारण तेच मागत होती. तिची नियत काही ग्राहकहिताची नव्हती, यांकीज हातचे गेल्याचा राग त्यात होताच. तरीही मुद्दा खोटा नव्हता. २००३च्या हंगामाआधी तात्पुरता तोडगा निघाला, २००४ साली लवादाचा निकाल आला आणि येस साध्या पॅकेजमध्ये जाऊन बसलं. त्यानंतर दहाएक वर्षं या धंद्यात पैसा नुसता ओतला जात होता.

यात आणखी एक खुबी होती. बेसबॉलमध्ये श्रीमंत संघांना स्थानिक उत्पन्नाचा काही भाग सामाईक गल्ल्यात टाकावा लागतो, तो गरीब संघांना वाटला जातो. यांकीजला येसकडून मिळणारी हक्कांची रक्कम या उत्पन्नात धरली जाते. पण येसला होणारा नफा? तो चॅनलचा, संघाचा नव्हे. एका खिशातून दुसऱ्या खिशात किती टाकायचं हे माणूस स्वतःच ठरवत असेल तर तो काय ठरवेल, हे सांगायला लेखापाल नको. लीगनं यावर नियम केले, पण इतर संघांची कुरकुर थांबली नाही.

आता दाखवतात काय ते बघू. सामना तीन तासांचा. आधी अर्धा तास चर्चा, नंतर अर्धा तास विश्लेषण, असे धरून चार तास. उरलेल्या वीस तासांचं काय करायचं, हा प्रत्येक आरएसएनपुढचा रोजचा प्रश्न. येसनं पहिल्या वर्षापासून एक स्वस्त आणि चतुर तोडगा काढला: रेडिओ दाखवायचा. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएन स्टेशनवर माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो यांचा दुपारचा खेळांवरच्या गप्पांचा कार्यक्रम तुफान चाले. येसनं त्या स्टुडिओत कॅमेरे लावले. दोन माणसं हेडफोन घालून मायक्रोफोनसमोर तासन्‌तास वाद घालताहेत, मधूनच कोणी श्रोता फोनवर येऊन तावातावानं बोलतोय. बघण्यासारखं त्यात काही नाही. पण लोक बघत, कारण न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीच्या सामन्यावर भांडणं हा सामन्याइतकाच मोठा खेळ आहे. पुढे ती जोडी फुटली, फ्रान्सेसा एकटे काही वर्षं येसवर दिसत राहिले, २०१४पासून ती जागा मायकेल के यांच्या रेडिओ कार्यक्रमानं घेतली.

हे मायकेल के म्हणजे येसचा आवाज. ब्राँक्समध्येच वाढलेले, आधी वर्तमानपत्रात यांकीजचे वार्ताहर, मग १९९२पासून रेडिओवर समालोचक, आणि २००२पासून येसवर. होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, गेला की त्यांचं ‘सी या!’ ठरलेलं. त्यांच्या बाजूला बहुतेक वेळा जुने खेळाडू असतात; पॉल ओनील, डेव्हिड कोन, केन सिंगलटन अशी नावं वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली. स्थानिक समालोचनाची गंमत इथे आहे. राष्ट्रीय चॅनलवरचा समालोचक दोन्ही संघांची प्रेक्षकाला नव्यानं ओळख करून देतो. स्थानिक समालोचकाला त्याची गरजच नसते. सहा महिने रोज रात्री तोच आवाज, तोच संघ. त्यामुळे सामना कंटाळवाणा झाला की गप्पा जेवणाखाणावर, जुन्या आठवणींवर कुठेही भरकटतात, आणि प्रेक्षकाला ते चालतं, किंबहुना आवडतं. तटस्थपणाची अपेक्षा अर्थातच ठेवायची नाही. चॅनल संघाचं, पगार त्याच चॅनलकडून. कोन यांच्यासारखा माणूस कधी संघाच्या चुकीवर स्पष्ट बोलतो तेव्हा म्हणूनच त्याची बातमी होते.

बाकीच्या वेळात ‘यांकीओग्राफी’ ही जुन्या खेळाडूंच्या चरित्रांची मालिका, के यांचाच ‘सेंटरस्टेज’ हा मुलाखतींचा कार्यक्रम, आणि ‘यांकीज क्लासिक्स’. या शेवटच्या कार्यक्रमात जुने गाजलेले सामने पुन्हा दाखवतात. निवड अशी की यांकीज हरलेला सामना शोधून सापडायचा नाही. २००४ साली बॉस्टन रेड सॉक्सनं ०-३ अशा पिछाडीवरून सलग चार सामने जिंकून यांकीजला घरी पाठवलं, बेसबॉलच्या इतिहासात तसं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही; पण ते बघायचं तर बॉस्टनच्या नेसनवर जावं. हिवाळ्यात नेट्सचे सामने. हा संघ २०१२ साली न्यू जर्सी सोडून ब्रुकलिनला गेला, यांकीजशी मालकीची गाठ तर २००४ सालीच सुटली होती, तरी चॅनल तेच राहिलं.

परदेशी माणसाला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे ब्लॅकआउट. लीगचं स्वतःचं इंटरनेटवरचं पॅकेज आहे, पैसे भरले की कुठल्याही संघाचा सामना बघा. फक्त तुमच्या शहराच्या संघाचा सोडून! कारण त्या भागातला हक्क स्थानिक चॅनलला विकलेला असतो. म्हणजे यांकीजचा चाहता पुण्यात बसून यांकीज बघू शकतो, यांकी स्टेडियमसमोरच्या इमारतीत बसून त्याच पॅकेजवर नाही. त्यात संघांनी आपापले प्रदेश वाटून घेताना एकमेकांच्या हद्दीवर हद्दी ओढल्या. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, पण शेजारच्या राज्यांतले तब्बल सहा संघ त्याला आपला मुलूख मानतात, त्यामुळे तिथल्या माणसाला त्या पॅकेजवर सहाही संघ बंद. हा नियम केबलच्या काळात केबलचं रक्षण करायला केला होता. केबल गेली तरी नियम जागेवर राहिला.

तर पैशांकडे परत. २०१२ साली रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पनं येसचा ४९ टक्के हिस्सा घेतला, २०१४ साली मर्डॉक यांच्याच फॉक्स कंपनीनं तो ८० टक्क्यांवर नेला. तेव्हा चॅनलची किंमत सुमारे ३९० कोटी डॉलर धरली होती. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा ८३५ कोटी डॉलरांचा करार केला. पैसे वसूल करायचे म्हणून नव्या चॅनलचा भाव चढा लावला. इतर केबल आणि डिश कंपन्यांनी तो द्यायला नकार दिला. २०१४पासून २०२० पर्यंत लॉस एंजेलिसमधल्या निम्म्याहून अधिक घरांत डॉजर्स दिसत नव्हते. विन स्कली हे ६७ हंगाम डॉजर्सचं समालोचन करणारे, त्या शहराचं दैवत. त्यांचा निरोपाचा २०१६चा हंगामही बहुतेक शहराला धड बघता आला नाही. इतक्या पैशांत एवढी नाचक्की क्वचितच कोणी विकत घेतली असेल.

तडा इथेच दिसायला लागला होता. नोव्हेंबर २०१५मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीनं येस बंद केलं. न्यू जर्सी आणि आसपासच्या सुमारे नऊ लाख घरांतून ते गेलं. कॉमकास्टचं म्हणणं असं की हे चॅनल मिळणाऱ्या आमच्या ९० टक्क्यांहून जास्त ग्राहकांनी हंगामातल्या पाव सामन्यांइतकाही वेळ ते बघितलेलं नाही. चाहत्यांनी कॉमकास्टला शिव्या घातल्या, दीड वर्षानं, २०१७च्या हंगामाच्या तोंडावर चॅनल परत आलं. पण त्या ९० टक्क्यांना तोवर नेटफ्लिक्स सापडलं होतं. त्यांना केबल हवी होती ती मालिका आणि सिनेमांसाठी. ते स्वस्तात दुसरीकडे मिळू लागल्यावर त्यांनी केबलच तोडली.

२०१९ साली डिस्नीनं फॉक्सचा मोठा भाग घेतला. डिस्नीकडे आधीच ईएसपीएन, म्हणून सरकारनं फॉक्सची २२ आरएसएन विकून टाकायला लावली. येस त्यातलं एक. यांकीजनं अॅमेझॉन, सिंक्लेअर ही टीव्ही कंपनी वगैरे भागीदार जमवून ते परत घेतलं, या वेळी किंमत ३४७ कोटी डॉलर. पाच वर्षांपूर्वीच्या किमतीपेक्षा कमी, हे लक्षात घ्या. उरलेली २१ चॅनलं सिंक्लेअरनं जवळपास हजार कोटी डॉलरांच्या व्यवहारात उचलली, आणि तीही कर्ज काढून. त्याच वर्षी डिश या उपग्रह टीव्ही कंपनीनं ती चॅनलं बंद केली, पुढच्या वर्षी यूट्यूब टीव्ही आणि हुलू या इंटरनेटवरून चॅनलं दाखवणाऱ्या सेवांनीही. त्यात कोविड आला, १६२ सामन्यांचा हंगाम ६० वर आला. मार्च २०२३मध्ये ही चॅनलं चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ८०० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज डोक्यावर घेऊन दिवाळखोरीत गेली.

मे २०२३अखेर डायमंडनं सॅन दिएगो पाद्रेस या संघाचे पैसे दिले नाहीत आणि एका रात्रीत त्या संघाचे सामने लीगनं हातात घेतले. समालोचक तेच ठेवले, चॅनल बदललं. इंटरनेटवर महिन्याला १९.९९ डॉलर, ब्लॅकआउट नाही. सामने दिसू शकतील अशी घरं अकरा लाखांवरून बत्तीस लाखांवर गेली. चाहत्याच्या दृष्टीनं सगळं सुधारलं होतं. संघाच्या दृष्टीनं मात्र पूर्वीच्या रकमेच्या ८० टक्क्यांची हमी लीगनं त्या हंगामापुरती स्वतःच्या खिशातून दिली, एवढाच आधार. बत्तीस लाख घरांना दिसणं वेगळं आणि त्यांनी महिन्याचे पैसे भरणं वेगळं. जुन्या पद्धतीत बघू शकणारं प्रत्येक घर पैसे भरत होतं. नव्या पद्धतीत फक्त बघणारं घर भरतं.

येसला हे गणित कळलेलं आहे, ते त्याच्या किमतीवरून दिसतं. मार्च २०२३मध्ये त्यांनी केबलशिवाय थेट ॲपवर चॅनल विकायला सुरुवात केली, महिन्याला २४.९९ डॉलर. पूर्वी जे सगळे मिळून भरत ते आता चाहत्यानं एकट्यानं भरायचं. २०२४ साली येसनं ज्या एमएसजीशी कोर्टात भांडण केलं होतं त्याच एमएसजीबरोबर मिळून गॉथम स्पोर्ट्स नावाचं एकत्र ॲप काढलं. २०२५च्या सुरुवातीला कॉमकास्टनं येसला साध्या पॅकेजमधून काढून महागड्या पॅकेजमध्ये टाकायचं म्हटलं, म्हणजे २००२चाच वाद. फरक इतकाच की आता घासाघीस होते ती रोडावत चाललेल्या ग्राहकांवर.

तरी येस बुडणाऱ्यांतलं नाही, निदान इतक्यात नाही. न्यूयॉर्क हे देशातलं सगळ्यात मोठं टीव्हीचं गिऱ्हाईक आणि यांकीज हा सगळ्यात ओळखीचा संघ. २०२२ साली यांकीजचा आरन जज अमेरिकन लीग या मेजर लीगच्या निम्म्या भागातल्या ६१ होमरनच्या विक्रमाचा पाठलाग करत होता तेव्हा एक शुक्रवारचा सामना करारानुसार फक्त ॲपल टीव्ही प्लसवर होता. तर न्यूयॉर्कमध्ये केवढा गहजब झाला, मायकेल के यांना तरी तिथे बोलवा अशी मागणी झाली. जजनं ६१वा आणि ६२वा दोन्ही होमरन पुढे येसवरच्या सामन्यांत मारले आणि के यांचा जीव भांड्यात पडला.

मेजर लीगचे राष्ट्रीय करार २०२८च्या हंगामाबरोबर संपतात. कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना तेव्हा सगळ्या संघांचे स्थानिक हक्क एकत्र करून विकायचे आहेत, म्हणजे बरंचसं आयपीएलसारखं. छोट्या शहरांचे संघ त्याला तयार होतील, त्यांच्या चॅनलांचं दिवाळं वाजलंच आहे. अडचण आहे ती येसचे भागीदार असलेल्या यांकीजची, नेसनमध्ये ८० टक्के असलेल्या रेड सॉक्सची, आणि २०३८पर्यंत पैसे येणं असलेल्या डॉजर्सची. सगळ्यांचा गल्ला एक करायचा तर आधी या तिघांना आपला गल्ला टेबलावर ठेवावा लागेल. त्याची किंमत काय मागायची याचा हिशेब ब्राँक्समध्ये आत्तापासून चालू असेल, याबद्दल मला शंका नाही.